ग्राहक विवेकी नसेल तर बाजार कार्यक्षम राहतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्पर्धात्मक बाजाराचा समतोल पॅरेटो कार्यक्षम असतो (म्हणजे कोणाचेही नुकसान न करता आणखी कोणाचे भले करता येत नाही), असे पहिले कल्याण प्रमेय सांगते. त्यामागे ग्राहक विवेकी असतो हे गृहीत आहे. माणसे तशी वागत नाहीत हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. मग प्रमेय कोसळते का? कोसळत असेल, तर कोणी काय घ्यावे हे सरकारने ठरवावे असा त्याचा अर्थ होतो का?"

दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण पहिल्या 'नाही'ने बाजाराच्या समर्थकांनी खूश व्हावे असे त्यात काही नाही. बरीच वर्षे मी सूक्ष्म अर्थशास्त्र शिकवले. आता विमा, कर्ज, गुंतवणूक यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कुटुंबांचे कागद तपासून देतो. फळ्यावरचे प्रमेय आणि टेबलावरची पॉलिसी, दोन्ही हाताळल्यामुळे मत थोडे तिखट झाले आहे, ते चालवून घ्या.

आधी प्रमेयाची सिद्धता शब्दांत मांडू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. समतोलाच्या, म्हणजे मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या, किमतींना प्रत्येकाने वस्तूंची एक टोपली निवडली आहे. तिच्यापेक्षा त्याला अधिक पसंत असलेली कोणतीही टोपली त्याच्या ऐपतीत बसत नाही. आता कोणी म्हणाले की असे एक दुसरे वाटप आहे ज्यात प्रत्येकाला आजच्यापेक्षा अधिक पसंतीची टोपली मिळेल. तसे असेल तर ती नवी टोपली प्रत्येकाच्या ऐपतीबाहेरची असली पाहिजे, नाहीतर त्याने ती आधीच उचलली असती. म्हणजे साऱ्या नव्या टोपल्यांची मिळून किंमत साऱ्यांच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त झाली. पण एकूण उत्पन्न म्हणजेच अर्थव्यवस्थेतल्या एकूण मालाची किंमत. असलेल्या मालाहून महाग माल वाटणार कुठून? झाली सिद्धता.

यात विवेक कुठे वापरला ते शोधा. पाठ्यपुस्तकात विवेकी पसंतीच्या दोन अटी असतात. पूर्णता, म्हणजे कोणत्याही दोन टोपल्यांची तुलना करता येणे. आणि संक्रमकता, म्हणजे क हा ख पेक्षा बरा आणि ख हा ग पेक्षा बरा, तर क हा ग पेक्षा बरा. वरच्या सिद्धतेत दोन्हींपैकी एकही अट लागली नाही. संक्रमकता लागते ती प्रमेयाच्या कडक रूपात, जिथे 'एकाचे भले आणि बाकीच्यांचे निदान होते तेवढे' अशा वाटपालाही नकार द्यायचा असतो. तिथे 'निदान होते तेवढे' देणारी टोपली स्वस्त असू शकत नाही हे दाखवावे लागते. त्यासाठी तिच्या जवळपासची किंचित बरी टोपली पकडून साखळी जोडतात, आणि ती साखळी संक्रमकतेवर चालते. 'सगळ्यांचे भले' या सौम्य रूपाला याची गरजच नाही.

हे काही मी आज शोधलेले नाही. ॲरो आणि डेब्रू यांनी कल्याण प्रमेये आधुनिक गणितात मांडली 1951 साली. पसंती अपूर्ण आणि असंक्रमक असली तरी समतोल अस्तित्वात असतो हे आंद्रेउ मास-कोलेल यांनी 1974 मध्ये दाखवले, आणि अशा पसंतींसाठी कल्याण प्रमेयांचे काय होते हे फॉन आणि ओतानी यांनी 1979 मध्ये तपासले. त्याही आधी, 1962 मध्ये, गॅरी बेकर यांनी म्हटले होते की ग्राहक डोळे मिटून निवड करत असला तरी किंमत वाढल्यावर त्याची ऐपतच आक्रसते, त्यामुळे बाजाराची मागणी सरासरीने घटतेच. बाजाराचा सांगाडा उभा राहायला शहाणपण फारसे लागत नाही.

याचा सर्वांत गमतीशीर पुरावा धनंजय गोडे आणि श्याम सुंदर यांचा, 1993 चा. त्यांनी लिलावात माणसांऐवजी संगणकी प्रोग्रॅम बसवले. ते मनाला येईल ती बोली लावत. बंधन एकच होते, तोट्यात व्यवहार करायचा नाही. तरीही बाजाराची कार्यक्षमता जवळजवळ पूर्ण निघाली. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात उभे राहिलेल्या माणसाला याचे फार आश्चर्य वाटणार नाही. तिथे बोली लावणारा फार हुशार असतो म्हणून भाव ठरतो असे नाही. पुढच्या ट्रॉलीचा ढीग सगळ्यांसमोर ओतलेला असतो आणि बोली सगळ्यांच्या कानावर पडते, म्हणून भाव ठरतो.

पण गोडे-सुंदर यांच्या प्रयोगात कार्यक्षमता मोजली कशी, हे विचारायला हवे. प्रत्येक खरेदीदाराला ती वस्तू किती मोलाची आहे हा आकडा प्रयोगकर्त्यानेच लिहून दिला होता. खऱ्या आयुष्यात तो आकडा कोणी लिहून देत नाही. तो आपण माणसाच्या निवडीवरून काढतो, आणि मग त्याच आकड्याने निवडीला गुण देतो. आपणच पेपर काढायचा, आपणच सोडवायचा आणि आपणच तपासायचा, असा हा कारभार आहे.

प्रमेयाचे खरे दुखणे हे आहे. गणित शाबूत राहते. पण 'अधिक पसंत' म्हणजे 'अधिक हिताचे' असे वाचण्याचा आपला अधिकार जातो. 1938 मध्ये सॅम्युएल्सन यांनी प्रकट पसंतीची कल्पना मांडली ती उपयोगितेच्या, म्हणजे मनातल्या समाधानाच्या, धुक्यातून सुटण्यासाठी. मनात काय चालते ते सोडा, हात कशाकडे जातो ते बघा, असे त्यांचे म्हणणे. पद्धत म्हणून ते उत्तम होते. पुढे मात्र शिकवताना त्यात गुपचूप एक पायरी वाढली. हात जिकडे गेला ते पसंत, आणि जे पसंत ते हिताचे. ही दुसरी पायरी कोणी सिद्ध केलेली नाही, ती सोयीची म्हणून राहिली.

ती पायरी कुठे निसटते ते बघायला जॅक क्नेच यांचा 1989 चा प्रयोग पुरतो. विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचा मग दिला आणि विचारले, याच्या बदल्यात चॉकलेट हवे का? 89 टक्क्यांनी मगच ठेवला. दुसऱ्या गटाला आधी चॉकलेट दिले, तर त्याऐवजी कॉफीचा मग घ्यायला फक्त 10 टक्के तयार झाले. ज्यांना आधी काहीच न देता निवड करायला लावली त्यांच्यापैकी 56 टक्क्यांनी मग घेतला. आता सांगा, या मुलांना मग अधिक पसंत आहे की चॉकलेट? पॅरेटोच्या निकषाने दोन्ही वाटपे कार्यक्षम ठरतात, कारण कोणीच अदलाबदल करायला तयार नाही. सुरुवात कुठून केली त्यावर 'कार्यक्षम' काय ते ठरले. दुसरे कल्याण प्रमेय, म्हणजे आधी संपत्तीचे फेरवाटप करा आणि मग बाजारावर सोडा, त्याला तर हा धक्का जास्तच बसतो. सुरुवातीचे वाटप बदलले की पसंतीच बदलते, तर मग पोचायचे कुठे? पण ते प्रमेय व्यवहारात कोणी फारसे वापरत नसल्याने त्याचा शोक मी करणार नाही.

आता एक इशारा. पाठ्यपुस्तकात न बसणारे प्रत्येक वागणे म्हणजे चूक नव्हे. भावाच्या मुलीच्या लग्नासाठी मुदतीआधी एफडी मोडणारा माणूस व्याजाचे गणित चुकलेला नसतो. त्याच्या हिशेबात व्याजाखेरीज आणखी काही असते. अमर्त्य सेन यांनी 1977 मध्ये 'विवेकी मूर्ख' हा शब्द वापरला तो अशा माणसाला उद्देशून नव्हता. फक्त स्वतःच्या लाभाची एकच उतरंड डोक्यात घेऊन फिरणाऱ्या पाठ्यपुस्तकी माणसाला त्यांनी तसे म्हटले होते. भिशीचेही तेच. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, परतावा शून्य, वर कोणी पैसे बुडवण्याचा धोका. कागदावर हा मूर्खपणा आहे. पण घरात पैसा राहिला तर तो राहत नाही हे जिला माहीत आहे, ती बाई चार जणींच्या नजरेचा वापर स्वतःला बांधून घेण्यासाठी करते. फिलिपाइन्समध्ये अश्रफ, कार्लन आणि यिन यांनी, ठरवलेले लक्ष्य गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत असे खाते लोकांपुढे ठेवले. व्याज नेहमीचेच, बंधन मात्र जास्त. तरी 28 टक्के लोकांनी ते घेतले. आपल्या उद्याच्या स्वतःवर विश्वास नसलेली माणसे आज स्वतःला कुलूप लावून घेतात, आणि ते त्यांच्या हिताचेच असते.

म्हणून 'ग्राहक विवेकी आहे का' हा प्रश्नच मी टेबलावर घेत नाही. त्याला शेवट नाही. मी दुसरा प्रश्न विचारतो. ग्राहकाचा गैरसमज दूर झाला तर विक्रेत्याचा नफा वाढेल की घटेल? वाढणार असेल तर स्पर्धा ग्राहकाला शहाणे करील. घटणार असेल तर स्पर्धा वाढली तरी तो गैरसमज जपलाच जाईल, किंबहुना तो जपण्यात जो पटाईत तोच टिकेल.

टेबलावर नेहमी येणारा कागद दाखवतो. वर्षाला 50,000 रुपये हप्ता, 20 वर्षे, विमा 10 लाखांचा, मुदतीअखेर बोनससह सुमारे 17 लाख. आकडे सोयीसाठी गोळा केले आहेत, पण जातकुळी हीच. एजंट सांगतो, "दहा लाख भरायचे, सतरा लाख मिळणार, शिवाय विमा फुकट." ऐकायला सत्तर टक्के नफा. आता वर्षनिहाय हिशेब मांडा, प्रत्येक हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरला असे धरून. परतावा येतो वर्षाला 4.8 टक्क्यांच्या आसपास. तोच माणूस या 50,000 मधले 3,000 शुद्ध मुदतविम्याला (बचत नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) बाजूला काढून उरलेले 47,000 दरवर्षी पीपीएफमध्ये टाकत राहिला, आणि 7.1 टक्के हा दर टिकला असे मानले, तर वीस वर्षांनी हातात 20 लाख 80 हजारांच्या वर येतात. विमा तेवढाच, पैसा सरकारी हमीचा आणि फरक पावणेचार लाखांचा.

लोक म्हणतात, "पण त्यामुळे सक्तीची बचत तर झाली." हा मुद्दा मी हसून उडवत नाही, भिशीवाल्या बाईला जो मान दिला तो इथेही द्यायला हवा. पण सक्तीच हवी असेल तर ती पीपीएफमध्येही आहे, आवर्ती ठेवीतही थोडी आहे. त्या सक्तीची फी पावणेचार लाख का? आणि ज्यांना सक्ती सर्वांत जास्त हवी, ज्यांचे उत्पन्न आज आहे उद्या नाही, तेच तिसऱ्या-चौथ्या हप्त्याला थकतात आणि पॉलिसी सोडून देतात. सोडली की भरलेल्यातले थोडेच परत. कुलूप लावून घेण्यासाठी आलेल्या माणसाला इथे कुलूप मोडल्याचा दंड भरावा लागतो, आणि घरातली चणचण नेमकी तेव्हाच असते. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुसान थॉमस यांनी 2004-05 ते 2011-12 या काळासाठी अशा चुकीच्या विक्रीतून ग्राहकांचे झालेले नुकसान दीड लाख कोटी रुपयांहून अधिक काढले होते.

स्पर्धा नव्हती का? भरपूर होती. 2000 नंतर खासगी कंपन्या आल्या, गल्लोगल्ली एजंट झाले. पण पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर 35 टक्क्यांपर्यंत कमिशनची तरतूद कायद्यातच होती. मुदतविम्याचा हप्ताच काही हजारांचा, त्यावर कमिशन किती मिळणार? बचतीच्या पॉलिसीचा 50,000. एजंटला दोष देऊन काही हाती लागत नाही. त्याचेही घर आहे. जो प्रामाणिकपणे मुदतविमा विकत बसेल तो वर्षभरात धंदा सोडेल आणि त्याची गिऱ्हाइके शेजारच्याकडे जातील.

संतोष अनागोल, शॉन कोल आणि शायक सरकार यांनी हे नीट तपासले. प्रशिक्षित माणसे ग्राहक म्हणून एजंटांकडे पाठवली. बहुतेक एजंटांनी गरजेला न जुळणारी, जास्त कमिशनची पॉलिसी सुचवली. त्याहून बोलका निष्कर्ष पुढचा आहे. ग्राहक एखादा चुकीचा समज घेऊन आला, तर एजंट तो दुरुस्त करण्याऐवजी त्यालाच दुजोरा देत. ज्याने आपल्याला समजते असे दाखवले त्याला मात्र तुलनेने बरा सल्ला मिळे. म्हणजे बाजार प्रत्येकाला त्याच्या समजुतीप्रमाणे सेवा देत होता. सिद्धतेच्या भाषेत सगळे व्यवहार ऐच्छिक, कोणालाच त्या क्षणी अदलाबदल नको, म्हणून पॅरेटोला हरकत घ्यायला जागा नाही.

क्रेडिट कार्ड हे याच जातीचे, पण जरा वेगळ्या चालीचे उदाहरण. बिलावर एकूण देय रकमेशेजारी 'किमान देय रक्कम' छापलेली असते, बहुधा पाच टक्के. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा आणि कार्ड पुढे वापरलेच नाही असे माना. दरमहा फक्त किमान रक्कम भरली तर 50,000 चे देणे निम्मे व्हायला 41 महिने लागतात. जीएसटी धरलेला नाही. आता प्रश्न असा की, "आमच्याकडे या, आम्ही तुम्हाला पूर्ण बिल भरायची सवय लावू" अशी जाहिरात एखादी बँक का करत नाही? झेव्हियर गाबे आणि डेव्हिड लायबसन यांनी 2006 मध्ये याचे उत्तर दिले. समजा बँकेने ग्राहकाला शहाणे केले. शहाणा झालेला ग्राहक तिच्याकडे कशाला येईल? तो जुन्याच कार्डावर राहील, पूर्ण बिल भरील, वर पॉइंट आणि विमानतळावरचे लाउंज फुकट वापरील. त्या फुकटच्या लाउंजचे पैसे किमान रक्कम भरणारे देतात. शहाणपण विकून गिऱ्हाईक मिळत नाही, उलट तोट्याचे गिऱ्हाईक तयार होते. म्हणून सगळे गप्प बसतात, आणि हे गप्प बसणे हाच समतोल. गणिती अर्थाने तो पक्का आहे, कारण एकट्याने त्यातून बाहेर पडण्यात कोणाचाच फायदा नाही. (हे वाचणारे बरेच जण पूर्ण बिल भरणाऱ्यांत असतील. लाउंजमधल्या कॉफीचे बिल कोण भरते हे माहीत असलेले बरे.)

इथे शेअर बाजाराचा दाखला हमखास येतो. "मूठभर शहाणे असले तरी पुरतात, ते चुकीच्या किमतीवर नफा कमावतात आणि किंमत ताळ्यावर आणतात." शेअरच्या बाबतीत यात तथ्य आहे, मर्यादांसकट. महागलेला शेअर आपल्याकडे नसला तरी विकता येतो. पण शेजाऱ्याने घेतलेली वाईट पॉलिसी मला 'शॉर्ट' करता येत नाही. त्याच्या चुकीवर पैज लावून ती दुरुस्त करण्याचा मार्गच त्या बाजारात नाही. तिथे त्याची चूक दुरुस्त करण्यापेक्षा ती त्याला विकण्यातच पैसा आहे.

शिवाय 'कार्यक्षम' या एका विशेषणाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. वित्तशास्त्रात कार्यक्षम म्हणजे किमतीत उपलब्ध माहिती उतरलेली असणे. कल्याणाच्या अर्थशास्त्रात कार्यक्षम म्हणजे कोणाचेही नुकसान न करता आणखी कोणाचे भले करता न येणे. पहिली असून दुसरीचा पत्ता नाही, असे घडू शकते, आणि आपल्या ऑप्शन बाजारात, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे करार जिथे विकले जातात तिथे, ते डोळ्यांदेखत घडले. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिचा सप्टेंबर 2024 चा अहवाल पाहा. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक, सरासरी माणशी दोन लाखांच्या घरात. त्यातले सुमारे 50,000 कोटी तर दलाली, कर आणि शुल्क यांतच गेले. 2023-24 मध्ये कंपन्यांच्या स्वतःच्या खात्यावरचे ट्रेडर आणि परदेशी गुंतवणूकदार नफ्यात होते, आणि त्यांच्या नफ्याचा जवळजवळ सगळा भाग संगणकी अल्गोरिदमने कमावलेला होता. ऑप्शनच्या किमती चुकीच्या होत्या म्हणून लोक बुडाले नाहीत. समोर बसलेला अल्गोरिदम किमती अचूक ठेवत होता म्हणूनच बुडाले.

यावर एक प्रामाणिक आक्षेप असा: ही करमणूक असेल तर? लॉटरीचे तिकीट घेणाराही बहुधा हरतोच, त्याला आपण अडवत नाही. आक्षेप योग्य आहे, आणि इथेच चूक आणि आवड वेगळी करण्याची एक कसोटी लागते. ज्या गोष्टीबद्दल त्याचा समज चुकीचा आहे ती त्याच्यासमोर ठेवा आणि मग तो काय निवडतो ते बघा. लॉटरीवाल्याला सांगा की तू हरणार आहेस. तो म्हणेल, माहीत आहे, दहा रुपयांचे स्वप्न घेतो आहे. ऑप्शनवाल्याला सांगा, तर तो म्हणेल की ते बाकीचे 93 टक्के, मी नाही. पहिल्याला आपल्या निवडीबद्दल काही गैरसमज नाही. दुसऱ्याची निवडच एका समजावर उभी आहे. अर्थात ही कसोटी स्वच्छ चालतेच असे नाही. सलग दोन वर्षे तोटा झालेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोक पुढेही व्यवहार करत राहिले. स्वतःच्या खात्यातला तोटा त्यांनी पाहिलाच होता. हे समजाचे दुखणे की सवयीचे, हे बाहेरून ठरवणे अवघड आहे.

सिद्धांतवाल्यांनी यातून वाटा काढल्या आहेत. डग्लस बर्नहाइम आणि अँटोनिओ रांगेल यांनी 2009 मध्ये सुचवले की मांडणी कशीही बदलली तरी, क समोर असताना ख कधीच निवडला जात नसेल, तरच क अधिक हिताचा म्हणायचा. बाकी ठिकाणी गप्प राहायचे. या सावध अर्थाने त्यांनी पहिल्या प्रमेयाचे एक सौम्य रूप पुन्हा सिद्धही केले. तार्किकदृष्ट्या देखणे काम आहे. अडचण अशी की जिथे मांडणीने निवड उलटते नेमके तिथेच आपल्याला उत्तर हवे असते, आणि नेमके तिथेच हा निकष मौन पाळतो. मग ते स्वतःच म्हणतात की काही निवडी गैरसमजातून झाल्या असे बाहेरच्या पुराव्याने दिसले, तर त्या हिशेबातून वगळा. तेव्हा सगळा भार त्या वगळण्यावर येतो.

रॉबर्ट सग्डेन यांची वाट उलटी. 2004 मध्ये त्यांनी म्हटले की पसंती सुसंगत असण्याची अटच सोडा आणि हिताऐवजी संधी मोजा. दोन माणसांना परस्परांशी जो व्यवहार करावासा वाटेल तो करायची मुभा असणे हेच मोलाचे, मग उद्या त्यांचे मन बदलले तरी. स्पर्धात्मक बाजार ही मुभा पुरेपूर देतो हे त्यांनी प्रमेयासारखे सिद्ध करून दाखवले. मला हा विचार मनापासून आवडतो, कारण त्यात ग्राहकाला लहान मूल समजलेले नाही. पण त्यासाठी कोणती संधी काय किमतीला आहे हे दिसले पाहिजे. परतावा 4.8 टक्के आहे हे ज्या कागदावर कुठेच लिहिलेले नाही, तिथे ग्राहकासमोर संधी आहे असे म्हणणे मला जमत नाही.

आता सरकार. बाजार चुकांवर पोसला जातो म्हणून निवड सरकारने करावी, हे अनुमान टिकत नाही. निवडणारा अधिकारीही माणूसच, शिवाय झालेल्या चुकीची किंमत तो स्वतः भरत नाही. महाराष्ट्रात गुटखाबंदी 2012 पासून आहे. पुडी कुठे मिळते हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सरकारने काय करावे याचे उत्तर मला आपल्याच वित्त बाजाराच्या पंधरा वर्षांत सापडते, आणि ते फार सरळ नाही.

1 ऑगस्ट 2009 पासून सेबीने म्युच्युअल फंडाचा प्रवेश-भार बंद केला. तोवर 2.25 टक्क्यांपर्यंत रक्कम आधीच कापली जाई आणि ती वितरकाकडे जाई. उद्देश चोख होता. परिणाम असा झाला की वितरक फंड सोडून युलिप (विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) विकू लागले, कारण तिथे कमिशन शाबूत होते. एप्रिल 2010 मध्ये सेबीने 14 विमा कंपन्यांना युलिप विकायला मनाई केली. विम्याची नियामक संस्था इर्डाने ती मानू नका म्हटले, आणि जूनमध्ये अध्यादेश काढून सरकारने युलिप इर्डाच्या पदरात टाकली. मग इर्डाने सप्टेंबर 2010 पासून युलिपच्या शुल्कांना मर्यादा घातली, पैसे अडकून राहण्याची किमान मुदत (लॉक-इन) तीनवरून पाच वर्षे केली. आता विक्री वळली पारंपरिक बचत पॉलिसीकडे, जिथे शुल्क दिसतच नाही. वर सांगितलेल्या अनागोल-कोल-सरकार यांच्या अभ्यासातही हेच आढळले. युलिपचे कमिशन जाहीर करणे सक्तीचे झाल्यावर एजंट ते जाहीर न करावे लागणारी दुसरी पॉलिसी सुचवू लागले. एका उत्पादनावर प्रकाश टाकला की विक्री अंधारातल्या उत्पादनाकडे सरकते.

यावरून नियमनाबद्दल माझी दोन मते बनली आहेत. एक, फक्त माहिती छापायला लावून भागत नाही. ग्राहकाने वाचावे म्हणून छापलेले पान विक्रेत्याच्या तोंडून येणाऱ्या वाक्यापुढे हरते. दुसरे, आणि जास्त महत्त्वाचे, नियम उत्पादनावर न लावता कमाईच्या रचनेवर लावावा. फंड, युलिप, पारंपरिक पॉलिसी, कशातही ग्राहकाचा पैसा गेला तरी विकणाऱ्याला साधारण सारखे आणि वर्षानुवर्षे मिळणार असेल, तर ग्राहक तिसऱ्या वर्षी टिकून राहणे त्याच्याही फायद्याचे होते. गैरसमज दूर झाल्यावर नफा घटण्याऐवजी वाढेल अशी व्यवस्था करणे, हे काम सरकारचे. त्यानंतर कोणती टोपली उचलायची ते ग्राहकावर सोडावे, चुकला तरी. 1 ऑक्टोबर 2024 पासून पहिल्या वर्षाचा हप्ता भरल्यावरही पॉलिसी सोडणाऱ्याला काही रक्कम परत द्यावी लागते, हा नियम मला या दिशेचा वाटतो. ग्राहक गेल्यावर कंपनीच्या हाती उरणारा पैसा त्याने घटतो. जानेवारी 2013 पासून म्युच्युअल फंडांना थेट, म्हणजे वितरकाच्या कमिशनशिवायच्या, योजना द्याव्या लागतात, तेही चांगले. पण त्या घेणारा बहुधा आधीच जाणता असतो, त्यामुळे त्यांनी फायदा कोणाचा झाला हे उघड आहे.

ऑप्शनच्या बाबतीत सेबीने ऑक्टोबर 2024 मध्ये कराराचा किमान आकार 15 लाखांवर नेला आणि दर आठवड्याला संपणारे करार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले. हे सरळ सरळ दार अरुंद करणे आहे, वर सांगितलेल्या सौम्य उपायांपैकी ते नव्हे. तरी माझा त्याला पाठिंबा आहे. तिथे विक्रेत्याची कमाई व्यवहारांच्या संख्येवर आहे, ग्राहकाच्या निकालावर नाही, आणि ती रचना बदलण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यातच होते, म्हणजे दार अरुंद झाल्याने आत जाणारे कमी होतील, जिंकणारे वाढणार नाहीत.

परीक्षेसाठी हा प्रश्न विचारला असेल, तर प्रमेय कोणत्या अटीवर उभे आहे ते सिद्धतेतून दाखवा. सौम्य रूपाला संक्रमकता लागत नाही हे एका ओळीत लिहा. मग क्नेच यांचा मग आणि गाबे-लायबसन यांचा समतोल घ्या. 'वर्तणुकीय अर्थशास्त्राने नवअभिजात अर्थशास्त्र खोटे ठरवले' हे वाक्य मात्र लिहू नका. तपासनीसाला आवडले तरी ते चूक आहे.